मोडलेल्या लग्नाचा बस्ता

माझं लग्न मोडलं, त्याला तीन आठवडे झाल्यावर आम्ही त्याच लग्नाचा बस्ता बांधायला नारायणगावला गेलो.

आम्ही म्हणजे घरची आणि भावकीतली मिळून एकोणीस माणसं, दोन जीपगाड्यांतून. नवऱ्याकडची बावीस माणसं आंबेगाव तालुक्यातून, घोडेगावच्या अलीकडून, टेम्पोने आली. लग्न मोडलंय हे या एक्केचाळीस माणसांत फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी, दुसरा नवरा. (आणि दुकानात पोहोचेपर्यंत आम्हां दोघांनाही त्याची तितकीशी खात्री उरली नव्हती!)

हे कसं झालं, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. उत्तर एकच. माझा भिडस्तपणा आणि आमच्या फोनची जागा.

मी वाढले पुण्यात, मामाकडे. माझ्या वडिलांची, अण्णांची, हौस की पोरीने इंग्रजी शाळेत शिकावं. त्यामुळे पुण्यात मी पिंपळवंडीची आणि गावी, पिंपळवंडीत, पुण्याची झाले, आणि दोन्हीकडे गप्प राहायला शिकले. शिक्षण संपवून घरी आले तेव्हा काकी सगळ्यांसमोर म्हणाली, "सुजी लई शिकली, पण मास्तरांचं हिला बोलायचं शिकवायचं ऱ्हाऊन गेलं!"

मग विनायकचं स्थळ आलं. चाकणच्या एका कारखान्यात नोकरी, स्वभावाने शांत, सरळ. बघायला आले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुम्हांला काही विचारायचंय?" मी म्हटलं, "नाही. तुम्हांला?" ते म्हणाले, "नाही." यावर दोन्ही घरांचं असं मत पडलं की इतकं जुळणारं जोडपं शोधून सापडायचं नाही. डिसेंबरात साखरपुडा झाला. लग्न मे महिन्यात, द्राक्षांचं काम उरकल्यावर.

नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि आमच्या घरी नुकताच फोन आला होता. तो ठेवला होता माजघरात. विनायक दर रविवारी सकाळी अकराला फोन करायचे. त्या वेळी आई तिथे भाजी निवडायला बसे, काकी लसूण सोलायला, अण्णा पेपर घेऊन. एरवी या तिघांना एका खोलीत बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. पहिल्या रविवारी लाजेने माझी जीभ अशी वळली की मी सरळ इंग्रजीत बोलायला लागले. विनायक मराठी शाळेतले, पण माझा मान राखायचा म्हणून तेही इंग्रजीत बोलले. आणि मग तेच चालू राहिलं.

"हाऊ आर यू?"

"आय ॲम फाइन. हाऊ इज द वेदर?"

चाकण आणि पिंपळवंडी यांच्या हवेत असा काय फरक असणार! तरी दर रविवारी आम्ही हवामानाची देवाणघेवाण करायचो. आई शेजारी सांगायची, "येक अक्षर कळत न्हाई बाई, पन लई गोड बोलत्यात."

मला मात्र मनातून अभिमान वाटे. आमचं कधी भांडण झालं नव्हतं. पुण्याहून आणलेल्या इंग्रजी मासिकांत सुखी जोडप्यांची लक्षणं यायची, त्यांत आम्हांला पैकीच्या पैकी मिळाले असते. अण्णा आणि आई सपशेल नापास! त्यांचं सकाळी उठल्यापासून विहिरीवरच्या मोटारीवरून सुरू.

"मोटार बंद केली का?"

"केली."

"न्हाई केली. आवाज येतोय."

"मंग इचारती कशाला?"

हे ऐकत मी मनात म्हणे, आपला संसार असा नसेल.

मार्चमधल्या एका रविवारी विनायकनी, बहुधा कागदावरून वाचून, हळूहळू इंग्रजीत सांगितलं की आपण दोघं चांगली माणसं आहोत, पण आपल्याला एकमेकांशी बोलायला काहीच नसतं. पुढची तीस वर्षं डोळ्यांसमोर आणली की भीती वाटते.

दोन महिने मलाही तेच वाटत होतं. ते त्यांच्या तोंडून ऐकल्यावर सुटल्यासारखं वाटलं. मी म्हटलं, "येस. आय ऑल्सो थिंक."

ते म्हणाले, नकार तुमच्याकडून येऊ द्या. आमच्याकडून आला तर लोक मुलीला नावं ठेवतात. तुम्ही घरी सांगा, मी निरोपाची वाट बघतो.

"थँक यू," मी म्हटलं.

"यू आर वेलकम."

माझं लग्न असं मोडलं. भर माजघरात, तीन माणसांच्या देखत!

आईने मेथीच्या काड्या बाजूला सारत विचारलं, "काय म्हनले पावनं?"

"काही नाही. हवा चांगली आहे."

सोमवारी मी अण्णांना सांगायला गेले. ते बागेत वेलींकडे बघत म्हणाले, "यंदाचा माल बघ. पोरीच्या लग्नाला देवानंच दिलाय." मी परत आले. मंगळवारी आईला म्हटलं, "आई, लग्नाचं जरा..." तर तिने डोळ्यांना पदर लावला, "व्हय गं, मलाबी त्येच. तुझ्याबिगर करमायचं न्हाई." मी कुठे जाणारच नाही, हे तिला त्या क्षणी कोण सांगणार? बुधवारी अण्णांना सविस्तर चिठ्ठी लिहिली. दोन पानं झाल्यावर लक्षात आलं, की मी ती इंग्रजीत लिहिली आहे.

रविवारचा फोन बंद झाला. "त्यांना कारखान्यात काम आहे," मी सांगत राहिले. दुपारी कुरडया राखायच्या निमित्ताने गच्चीवर जाऊन रडत राहिले. मला स्वतःचंच नवल वाटे. जे नको होतं ते गेल्यावर रडू का यावं? काकीने माझे डोळे पाहिले आणि खाली जाऊन जाहीर केलं, "सासरची वढ लागलीय पोरीला!"

तेवढ्यात विनायकचे चुलते, तात्या, येऊन अण्णांशी बसून बस्त्याचा दिवस ठरवून गेले. मला वाटलं, आता विनायकच हे थांबवतील. ते थांबवतील म्हणून मी जीपमध्ये बसले, थांबवतील म्हणून दुकानाच्या पायऱ्या चढले. वर पाहते तर विनायक पांढऱ्या गादीवर बसून सरबत पीत होते.

मला बघून ते हसले. अगदी भल्या माणसाचं, निमूट हसू. मला वाटलं, यांचा विचार बदलला की काय?

दुकानाच्या शेठनी पहिल्या कापडाला कुंकू लावलं, नारळ फुटला आणि साड्या उडायला लागल्या. मानाच्या, करवल्यांच्या, आत्यांच्या. काकीला मोरपंखी हवी होती, तीच विनायकच्या मावशींनाही हवी होती. काकीने मला आरशासमोर उभं करून खांद्यावर शालू टाकला.

"विनायकराव, बघा की! कशी दिसती?"

"चांगली दिसते," आरशात विनायक म्हणाले. दाढ काढायला बसलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा तो चेहरा होता.

"जावा दोघं वर, सुटाचा रंग पसंत करा," तात्या म्हणाले. "तवर आमी मानपान उरकतो."

वरच्या मजल्यावर कापड कापणारे काका खांद्यावर टेप टाकून उभे होते. त्यांनी करड्या रंगाचा तागा उलगडला, मापून बोटाने खूण धरली आणि कात्री उचलली. समोर पाटी होती, फाडलेलं कापड परत घेतलं जाणार नाही.

"दादा, फाडू का?"

"एक मिनिट," विनायक म्हणाले. मग माझ्याकडे वळून, पहिल्यांदाच मराठीत, "तुम्ही घरी सांगितलं नाही?"

"जमलं नाही. पण तुम्ही का आलात?"

"निरोप आला नाही. वर तात्या बस्त्याचा दिवस ठरवून आले. मला वाटलं, तुमचा विचार बदलला."

"मग?"

"मग म्हटलं, ठीक आहे. एकदा दुखावलंय, परत कसं दुखवायचं?"

"म्हणजे तुम्ही लग्न करणार होतात?"

"तुम्ही पण आलातच की!"

"मला वाटलं, तुमचा विचार बदलला."

"फाडू का?" काकांनी विचारलं.

आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. केवळ समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून आम्ही दोघं मे महिन्यात बोहल्यावर उभे राहणार होतो. मग मुलं झाली असती. त्यांच्या शाळेच्या हवामानाबद्दलही आम्ही बोललो असतो. आणि साठाव्या वर्षी कधीतरी एकाने विचारलं असतं, तुम्हांला खरंच करायचं होतं का हो?

काकांनी मान डोलवली, म्हणजे शांततेचा अर्थ होकार धरला, आणि कात्रीचं तोंड उघडलं.

"नका फाडू!"

इतक्या मोठ्याने मी त्याआधी कधी बोलले नव्हते. खालचा सगळा गलका थांबला. मग जिन्यात पावलं वाजली आणि शेठ, तात्या, अण्णा, आई, काकी असे एकापाठोपाठ वर आले.

"रंग पसंत नाय व्हय?" शेठ म्हणाले. "आहो निळा दावा! त्यो कॉफी कलर काढा!"

भराभर चार तागे माझ्यासमोर उलगडले. मी अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या हातात विनायकसाठी स्वतः निवडलेला फेटा होता. तो तसा धरलेला बघून मला पुन्हा गप्प बसावंसं वाटलं. गप्प बसले असते तर सगळं सुरळीत पार पडलं असतं, हेच तर भयंकर होतं.

"अण्णा," मी म्हटलं, "आम्हांला लग्न करायचं नाही."

अण्णांनी फेटा या हातातून त्या हातात घेतला.

"कधी ठरलं ह्ये?" अण्णांनी विचारलं.

"तीन आठवडे झाले."

"कुठं?"

"घरीच. फोनवर. तुम्ही समोरच होतात."

"म्या?" अण्णा आईकडे वळले. "तू व्हतीस का गं?"

"आई मेथी निवडत होती," मी म्हटलं.

आई मट्‌कन ताग्यांवरच बसली.

"चूक माझी आहे," विनायक पुढे होत म्हणाले. "मीच आधी म्हटलं."

"चूक माझी आहे. सांगायचं मी होतं."

"पण सुरुवात मी केली ना!"

"म्हणून काय झालं? तीन आठवडे काय करत होतात? एक फोन करता आला नाही?"

"तुम्ही निरोप पाठवणार होतात! मी काय रोज विचारू, मोडलं का, मोडलं का?"

"विचारायचं! मी इथे गच्चीवर..." पुढचं मला बोलवेना.

काकीने कपाळावर हात मारला. "आत्ता गं बया! आत्ता कुठं नवराबायकोवानी बोलाया लागली!"

"तर काय!" तात्यांचा चेहरा उजळला. "आहो अण्णा, ह्ये तर जमतंय की! घ्या, फाडा कापड!"

"नाही!" आम्ही दोघं एकदम ओरडलो.

कोणी भांडलं नाही, कोणी कोणाला नावं ठेवली नाहीत. शेठनी चहा मागवला. दोन्ही घरांनी तो खाली मान घालून प्यायला. फेटा अण्णांनी स्वतः घडी घालून परत दुकानाच्या कपाटात ठेवला. त्या घडीकडे मला बघवलं नाही.

जीप पिंपळवंडीच्या फाट्याला वळली. मग आईने विचारलं, "पसंत नव्हता का तुला?"

"होता गं. माणूस चांगलाच आहे. बोलायलाच काही नसायचं."

"आमाला तरी कुठं व्हतं? साल गेलं तसंच, मुक्यावानी. मंग येक दिस ह्यांनी मोटार चालू ठिवली, म्या वरडले. तवापून बोलतोय."

"आजून थांबलीया कुठं?" पुढून अण्णा म्हणाले. मग मागे न वळता, हळूच, "पोरी, तुला नको आसंल त्ये आमाला नकोच. पन सांगायचं आसतं गं. आमी काय परके हाय का?"

मी खिडकीकडे तोंड केलं. काकीने आपल्या पदराचं टोक माझ्या हातात दिलं.

पुढच्या रविवारी अकराला फोन वाजला.

"फार बोलले का घरी?" विनायकनी विचारलं. मराठीत.

"काकी बोलली. तुमच्याकडे?"

"तात्या अजून बोलतायत."

मला हसू आलं. मग त्यांनी सांगितलं, की बस्त्याच्या आदल्या दिवशी ते आरशासमोर उभं राहून आनंदी चेहऱ्याचा सराव करत होते. मी कुरडयांचं सांगितलं. ते जरा थांबले आणि म्हणाले, "रडू मलाही आलं होतं. का, ते कळलं नाही." मी म्हटलं, "मलाही नाही कळलं." अर्धा तास बोललो. एकमेकांना सांभाळून राहा म्हणून सांगितलं. खरा निरोप तो होता. रिसीव्हर ठेवला तेव्हा मन कितीतरी दिवसांनी हलकं झालं होतं.

मागे वळून पाहिलं. आईच्या मांडीवर भाजी तशीच होती आणि तिचे डोळे चमकत होते. या वेळी तिला अक्षर न् अक्षर कळलं होतं. काकी गालात हसत होती. अण्णा डोक्याला टोपी घालून दारात चपला शोधत होते.

"कुठे निघालात, अण्णा?"

"घोडेगावकडं. तात्यास्नी सांगून येतो, पोरं बोलाया लागली म्हनून!"

अशा रीतीने एकाच मुलाशी ठरलेलं एकच लग्न मी दोनदा मोडलं, तेही फोनवरचं इंग्रजीतलं मोडणं न धरता. पिंपळवंडीत हा मान अजून माझ्याकडेच आहे. मात्र दुसऱ्या खेपेला हात बसलेला असल्यामुळे, अण्णांच्या दुसऱ्या पायात चप्पल जायच्या आत "नको, अण्णा!" म्हणून सगळं उरकलं!