इवायासाठी डोंगा

आमचे बाबा, केनवडचे ग्यानबा गवंडी, पाण्याला घाबरतात. आयुष्यभर विहिरींची बांधकामं केली, पण वर उभं राहून. खाली उतरायची वेळ आली की नेमकी त्यांची कंबर दुखायची. अशा माणसानं पाहुण्याला डोंग्यातून मासे धरायला न्यायचं ठरवलं, म्हणजे डोक्यात काहीतरी शिरलं असणार.

ते शिरलं होतं लग्नात. माझी बहीण धम्मदीपा रत्नागिरीला दिली, तेव्हा तिचे सासरे जेवताना हसत म्हणाले होते, "तुमच्याकडे सगळं आहे, मासे तेवढे नाहीत." माणूस भला, मनात काही नव्हतं. पण बाबांनी ते जपून ठेवलं. यंदा व्याही ताईला घेऊन पहिल्यांदाच घरी येणार म्हटल्यावर त्यांनी जाहीर केलं, "इवायाले मी धरणातले मासे खाऊ घालीन. माह्या हातचे. इकतचे नाही." लेकीचं माहेर कशात कमी आहे असं कुणी म्हणू नये, एवढंच त्यांना हवं होतं.

आता डोंगा कुठून आणायचा? आमच्याकडे पाहुणे फिरवायच्या बोटी नसतात. मालेगावच्या एकानं बाहेरून बोट आणून देतो म्हणत जे भाडं सांगितलं, त्यात आमच्या घरावरचे टिन बदलून झाले असते. शेवटी धरणात जाळी टाकणारा देवला भेटला. तो म्हणाला, "पैसे कायले? माहे भाऊ मजुरीले बाहेर गेले. जाळं ओढाले दोन माणसं दे, बस."

बाबांनी लगेच मान हलवली. मी म्हटलं, "बाबा, पाहुण्याले कामाले लावता काय?"

"तू चूप बस. त्याइच्या वाट्याचं बी मीच ओढतो."

सकाळी व्याही इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून डोंग्यात बसले. त्यांना ही सहलच वाटत होती. डोंग्यात तिघांपुरतीच जागा, म्हणून मी आणि ताई काठावर थांबलो. डोंगा हलला आणि बाबांनी दोन्ही हातांनी त्याची कड धरली. ती सुटलीच नाही.

"ओढा ना गा, ग्यानबाभाऊ!" देवलाचा आवाज पाण्यावरून स्पष्ट येत होता.

"ओढतो, ओढतो," बाबा डोळे मिटून म्हणत होते.

ताईला हसावं की रडावं कळेना. मला तर संतापच आला. झेपत नाही तर एवढा हट्ट करायचाच कशाला? तेवढ्यात व्याह्यांनी बाह्या दुमडल्या आणि जाळ्याला हात घातला.

काठावर आल्यावर देवलानं वाटे घातले. इथली रीत सरळ आहे. एक वाटा डोंग्याचा, एक जाळ्याचा आणि एकेक ओढणाऱ्यांचा. बसून राहणाऱ्याला काही नाही. रोहू, कटला, एक चांगली जाड मरळ, असे चार ढीग झाले. बाबांचा ढीग त्यात नव्हता. रीत त्यांना ठाऊक होती, त्यामुळे ते भांडले नाहीत. चपलेनं माती उकरत उभे राहिले. मला आलेला राग कुठल्या कुठे गेला.

मग बाबा हळूच म्हणाले, "चुकलं माहं, इवाईबुवा. तुमाले कामाले लावलं, अन् खाऊ घालाले माह्याजवळ एक मासा नाही."

व्याह्यांचा शर्ट चिखलानं भरला होता. ते हसले. "अहो, जन्मभर मासे नुसते खाल्ले, ओढले आज. आणि पाहुण्याला बसवून ठेवतात, कामाला घरच्याला लावतात. आज घरचा मी. पाहुणे तुम्ही."

त्यांनी आपला वाटा पिशवीत भरला. घरी अंगणात बसून स्वतः मासे साफ केले. ताईनं रस्सा केला, तेव्हा पहिलं ताट त्यांनीच बाबांपुढे ठेवलं. बाबा खाली मान घालून जेवत होते. डोळे वाहत होते.

"तिखट झालं काय, बाबा?" मी विचारलं.

"चूप बस," बाबा म्हणाले, "अन् इवायाले भाकर वाढ."