गरम गाडीच्या चोकला हात लावायचा नाही

ही सहल मी रागाने काढली. माझा भाऊ सचिन याने बाबांची जुनी मोटरसायकल भंगारवाल्याला द्यायचं परस्पर ठरवलं. बाबांचे गुडघे गेल्यापासून त्यांना किक मारवत नाही, आणि सचिनच्या हातून ती महिनो न् महिने धड चालू होत नव्हती. वर बाबांनाच म्हणतो, "बाजारात जावक रिक्षा आसा मा!" बाबा फडक्याने टाकी पुसत बसले. माझं डोकंच फिरलं.

"मी मालवणाक जावन येतंय. चालत इली तर गाडी ऱ्हवतली," मी सांगितलं.

"टेंपोत घालून आणशीत," सचिन हसला. "रविवारी भंगारवालो येतलो."

शनिवारी पहाटे कुडाळात चांगलंच दव पडलं होतं. निघताना बाबांनी पुन्हा बजावलं: इंजिन थंड असेल तर चोक ओढ, किक मार, आवाज एकसारखा झाला की चोक आत ढकल. गरम असेल तर चोकला हात लावू नकोस, पेट्रोल जास्त होऊन गाडी चालूच होत नाही. तिसऱ्या किकला गाडी बोलली.

मठमार्गे वेंगुर्ला गाठलं. रस्ता बरा, मधले खड्डे सोडून, आणि ते सोडायला जागा नाही ही वेगळी गोष्ट. बंदराजवळच्या खानावळीत बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट झणझणीत कालवण खाल्लं, तेवढा वेळ राग शांत होता. पुढे म्हापण, परुळे करत किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण. ज्यांना जायचंय त्यांनी हाच रस्ता घ्या, पण पेट्रोल वेंगुर्ल्यातच भरा. मुक्काम साध्या घरगुती खोलीत केला. सकाळी घावणे आणि नारळाची चटणी खाऊन परतीला लागले.

धामापूरच्या तळ्याशी थांबले. किल्ली गाडीलाच विसरून देवळात गेले, आणि देवीचं दर्शन घेऊन येते तो एक गृहस्थ माझ्या गाडीवर! कोण, कुठचा, मला ठाऊक नाही. "जुनी गाडी मा ही? मी तापवन दितंय," म्हणत चोक ओढून किका मारत होता. बाई दिसली की यांच्या हाताला खाज का सुटते, देव जाणे. तापलेलं इंजिन, त्यात हा पेट्रोल ओततोय! वास नाकात गेला.

"उतरा खाली," मी ओरडले. "तुमका कोणी बोलावल्यानी?"

"मदत करूक गेलो तर..."

"नको माका मदत!"

चोक आत ढकलला, ॲक्सिलरेटर पूर्ण पिळून धरला आणि जास्तीचं पेट्रोल उडून जाईपर्यंत किका मारल्या. घाम निघाला, पण धुराचा लोट सोडून गाडी चालू झाली. त्या गृहस्थाने शेवटपर्यंत सॉरी म्हटलं नाही. तळं सुंदर आहे. मी नीट पाहिलंच नाही.

नेरूरवरून घरी पोचले तर अंगणात भंगारवाला उभा. मी गाडी बंद करून हेल्मेट काढते तोच सचिनने किल्ली घेतली. "बघूया, परत चालू होता काय," म्हणाला आणि सरळ चोक ओढला. तापलेल्या गाडीचा! किकांवर किका. तोच वास.

"बघलंस? मेली ती!"

मी बघतच राहिले. म्हणजे इतके महिने हा बाजारातून, बँकेतून परत निघताना हेच करत होता! आणि नाव गाडीचं!

"गाडीक काय झाला नाय, मेल्या! तुका चालू करूक येणा नाय!" आवाज आळीभर गेला असेल. जाऊ दे. चोक आत, ॲक्सिलरेटर पूर्ण, धामापूरसारख्याच किका. धूर आला आणि गाडी धडधडायला लागली. भंगारवाला हसत हसत निघून गेला.

सहलीतून काय उरलं म्हणाल, तर उजवी पोटरी अजून दुखतेय. रागही गेलेला नाही.

त्या दिवशी भंगारवाल्याची पाठ वळली तसे बाबा कठड्याला धरून पायऱ्या उतरले आणि पिशवी घेऊन माझ्या मागे बसले.

"चल गो, बाजारात," म्हणाले. मग मागे वळून सचिनला म्हणाले, "तू ये रिक्षान."