ब्रेकची धूळ

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी केबिन रोडवरच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायचे. यजमानांचं पेणकरपाड्याजवळ रिक्षांचं गॅरेज होतं. ब्रेकचा ड्रम उघडला की ते कॉम्प्रेसरची हवा मारून आतली धूळ उडवायचे. संध्याकाळी तीच धूळ अंगावर घेऊन घरी यायचे.

एकदा दवाखान्यात बस डेपोतला एक निवृत्त मेकॅनिक आला. चार पायऱ्या चढला तरी त्याला धाप लागायची. डॉक्टरांनी त्याची फिल्म उजेडासमोर धरली आणि विचारलं, "काय काम करायचात?"

"ब्रेकचं. लायनर घासायचे, बसवायचे. सगळा जन्म त्यातच गेला."

तो गेल्यावर डॉक्टरांनी मला समजावलं. लायनरमध्ये, म्हणजे ड्रमच्या आत घासणाऱ्या पट्ट्यांमध्ये, अ‍ॅसबेस्टॉस असतं, त्याचे बारीक तंतू धुळीबरोबर फुप्फुसात जाऊन रुतून बसतात आणि त्रास वीस-पंचवीस वर्षांनी दिसतो.

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. यजमान हसले. "वीस वर्षांनी ना? तेव्हाचं तेव्हा बघू."

"अहो, तेव्हा बघायला काय उरेल? आणि हे कपडे आजपासून घरात येणार नाहीत."

भांडण झालं, पण मी हटले नाही. रविवारी मी त्यांना त्या मेकॅनिकच्या घरी घेऊन गेले. खाटेवर उशांना टेकून तो बसला होता. यजमानांचं गॅरेज आहे हे मी सांगितल्यावर दोन शब्दांमध्ये थांबून श्वास घेत त्याने विचारलं, "तुम्हीपण... हवा मारता?"

यजमानांनी होकारार्थी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते म्हणाले, "अगं, धूळ ओली करून पुसायला जुनी बादली कुठली नेऊ?"

त्या दिवसापासून ड्रम ओल्या फडक्याने पुसायचे, फडकं पिशवीत बांधून टाकायचं आणि कपडे गॅरेजमध्येच बदलायचे असं ठरलं. दवाखाना सुटल्यावर मी गॅरेजवर गेले की रिक्षावाले कुरकुरायचे. "भाभी, हवा मार दो ना, जल्दी है." मी सरळ सांगायचे, "जल्दी है तो दूसरे गॅरेज जाओ." काही गेले. बरेचसे परत आले, कारण यजमानांनी बसवलेला ब्रेक कधी दगा देत नसे.

दुसऱ्या वर्षी तो मेकॅनिक वारला. त्याच्या मयताहून परतताना यजमान शेजारच्या गॅरेजमध्ये शिरले. तिथे कॉम्प्रेसर सुरू होता. तो त्यांनी स्वतःच्या हाताने बंद केला आणि मालकाला म्हणाले, "बस जरा. तुझ्याशी बोलायचंय."