मुखेडहून लातूरला, डोळ्यांचे फोटो काढायला

लातूरची गाडी मुखेडच्या स्टँडवर अजून नीट थांबलीही नव्हती, तोवर आईने खिडकीतून माझी पिशवी आत फेकून जागा धरली. मग त्या खिडकीखाली कमरेवर हात ठेवून तिने असा पहारा दिला, की मी दारातून चढून आत पोचेपर्यंत त्या सीटकडे बघायची कुणाची हिंमत झाली नाही. गाडीत बहुतेक पोरं-पोरी लातूरला डॉक्टरकीच्या क्लासला निघालेली होती. पायांशी पेट्या, मांडीवर गुंडाळलेल्या गाद्या. कंडक्टरने मला विचारलं, "तूबी क्लासलाच का?" मी तोंड उघडायच्या आत आई खालून ओरडली, "न्हाई, ही डोळ्याची हाय!" अर्ध्या गाडीने वळून माझे डोळे बघितले.

अण्णा, म्हणजे माझे वडील, जरा लांब उभे होते. त्यांना निरोप देता येत नाही. गाडी हलताना ते जवळ आले आणि म्हणाले, "मोबाईल चार्ज ठेवत जा." त्यांच्या मानाने हे पुष्कळ बोलणं झालं.

पुण्याला, हैदराबादला, दुबईला गेलेल्या माझ्या गाववाल्यांनो, तुम्ही आता हसणार हे मला ठाऊक आहे. मुखेड ते लातूर हे काय स्थलांतर झालं? जांब, शिरूर ताजबंद, चाकूर, की आलंच लातूर. तुम्ही विमानात रडलात, मी चाकूरला भजी खाताखाता रडले. पण रडले खरी, आणि त्यानंतर गावात राहायला म्हणून परत गेले नाही, त्यामुळे तुमच्या रांगेत मलाही थोडी जागा द्या.

बी.एस्सी. होऊन मी घरी बसले होते. लातूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात शुगरवाल्या लोकांचे डोळे तपासणाऱ्या तंत्रज्ञांचं प्रशिक्षण आहे, असं कळलं. शुगर बरीच वर्षं अंगात राहिली की डोळ्याच्या आतला पडदा खराब करते. माणसाला दुखत नाही, खुपत नाही, दिसायलाही सगळं ठीक असतं. कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून पडद्याचा फोटो काढून ठेवायचा आणि तो डॉक्टरांना दाखवायचा. फोटो काढणारी मी होणार होते. नोकरी लागेल म्हणून चालले, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं कारण आई होती.

आईची सख्खी बहीण, माझी उदगीरची मावशी, शुगरनेच आंधळी झाली होती. शेवटी शेवटी ती आईचा चेहरा हाताने चाचपायची. आणि शुगर आईलाही होती, कित्येक वर्षांची. गोळ्या घ्यायची, कधी विसरायची. डोळे दाखवू म्हटलं की मात्र तिचा पारा चढायचा. ती गावच्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते. परातीतला तांदूळ माझ्यासमोर सरकवून म्हणायची, "ह्याच्यातला खडा तुला दिसतो का? मला दिसतो. मग माझे डोळे कामून तपासायचे?" आणि खडा खरोखरच आधी तिलाच दिसायचा.

मी गेल्यावर गावात वेगळीच बातमी पसरली. "डोळ्याची हाय" हे आईचं वाक्य कुणीतरी गाडीतून उतरवून घेतलं असावं. मला दिसत नाही, म्हणून लातूरला इलाज चालू आहे, असं लोक सांगू लागले. त्याच महिन्यात हिमायतनगरहून आलेलं एक स्थळ चहा पिऊन गप्प झालं. अण्णांना वाईट वाटलं. मला, खरं सांगू का, जरा बरंच वाटलं.

लातूरची खोली म्हणजे एका जिन्याखालची जागा. तिथे पाणी आलं की सगळी गल्ली एकदम धावायची, आणि मेसच्या डब्यातली भाजी रोज नाव बदलून तीच यायची. गावाकडे दिवस उन्हावर कळायचा. इथे माझा दिवस काळ्या पडद्याआडच्या अंधाऱ्या खोलीत जायचा, कारण फोटो काढताना उजेड चालत नाही. समोर कॅमेरा, त्याला हनुवटी टेकवायची वाटी आणि कपाळ टेकवायचा पट्टा. दुपारपर्यंत त्या पट्ट्यावर बायांच्या कुंकवाचा लाल थर बसायचा आणि तो स्पिरिटच्या बोळ्याने पुसायचं काम शिकाऊ म्हणून माझं. "हनुवटी टेकवा, हिरव्या दिव्याकडे बघा, पापणी मिटू नका" हे मी झोपेतही बडबडते, अशी खोलीतल्या मैत्रिणीची तक्रार होती.

आम्हाला शिकवणाऱ्या वैशाली मॅडम कडक होत्या. पापणीची सावली आली, फोटो पुसट आला, की त्या नुसतं "परत" म्हणायच्या. त्यांचा एक नियम होता. फोटोत काय दिसतंय ते आपण पेशंटला सांगायचं नाही. ते डॉक्टर सांगतील. "आपला चेहरासुद्धा बोलला नाही पाहिजे," असं त्या म्हणायच्या. माझा चेहरा जन्मापासून बडबड्या आहे, त्यामुळे हे शिकायला मला कॅमेऱ्यापेक्षा जास्त वेळ लागला.

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आली, तेव्हा सरावासाठी डोळे कमी पडायला लागले. पेशंटवर हात साफ करायला मॅडम देत नव्हत्या, आणि योग्यच होतं ते. ओळखीच्या माणसांना आणा, म्हणाल्या. लातुरात पोरांना काय तोटा! आमच्या गल्लीत दर घरात चार-चार राहायची. पण बाहुली मोठी करायचे थेंब टाकले की दोन-चार तास जवळचं वाचता येत नाही, हे कळल्यावर एकही तयार होईना. सगळी मला "दीदी, सॉरी" म्हणून पुस्तकात डोकं घालायची. उद्या डॉक्टर होणाऱ्या त्या पोरांपैकी कुणाला एका संध्याकाळचा अभ्यास सोडवेना.

मी फोनवर आईला रडगाणं ऐकवलं. नापास होते की काय, म्हणाले. ती म्हणाली, "मी येते की."

"तुला थेंब टाकावे लागतील."

"टाक."

"तुला शुगर आहे, फोटो डॉक्टरांकडे जाईल."

"जाऊ दे कुठं जायचा ते. मी तुझ्या परीक्षेसाठी येऊन राहिले. माझ्या शुगरीचं नाव काढायचं न्हाई."

इतकी वर्षं हात जोडून जी आली नाही, ती माझ्या मार्कांसाठी दुसऱ्याच दिवशी पहिल्या गाडीने आली. सोबत भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि मॅडमसाठी लाडू. शाळेतली खिचडी त्या दिवशी जाऊबाईवर सोपवून आली होती.

ती खुर्चीत बसली, पदर सावरला, हनुवटी टेकवली. मी नेहमीचं म्हणायला लागले, तर ती म्हणाली, "कळलं, कळलं, काढ तू." आणि पापणी म्हणून हलवली नाही. चुलीच्या धुरापुढे आयुष्य गेलेल्या बाईला कॅमेऱ्याचा फ्लॅश काय करणार होता? कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर फोटो उमटला. कडेपासून कडेपर्यंत स्वच्छ, एकेक रक्तवाहिनी वेगळी दिसणारा. तोपर्यंत माझ्या हातून इतका चांगला फोटो आला नव्हता. मागून मॅडम म्हणाल्या, "वा!" आणि मग जवळ वाकून बघू लागल्या. मीही तेच बघत होते. लाल ठिपके होते. नजरेच्या मध्याजवळ पिवळसर कणांचा पुंजका होता. डाव्या डोळ्यात जास्त.

"चांगला आला का ग?" आईने हनुवटी तशीच टेकवून विचारलं. "पास होशील न्हवं?"

"हाव," मी म्हणाले. "लई चांगला आला."

माझा चेहरा त्या दिवशी बोलला नाही. मॅडमनी माझ्या हातातलं कॅमेऱ्याचं बटण काढून घेतलं आणि हात धुऊन ये म्हणाल्या. बेसिनचा नळ सोडून मी पोटभर रडले. मावशीची चाचपणारी बोटं माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

डॉक्टरांनी त्याच दिवशी आईला समजावून सांगितलं. लेसर करावं लागेल, लवकर केलं तर आहे ती नजर टिकेल. आई ऐकता ऐकता उठली. "मी हिच्या परीक्षेला आले हुते, मला कशाला कामाला लावता?" म्हणाली. बाहेर आल्यावर तर माझ्यावरच उखडली. थेंबांमुळे तिला उजेड सहन होईना, पिशवीतली चटणीची पुडी ओळखू येईना. "बगं, आले तवा चांगलं दिसत हुतं. तूच केलंस हे." संध्याकाळच्या गाडीने ती गावी निघून गेली. सोबत येते म्हटलं, तर येऊ दिलं नाही. अण्णा स्टँडवर घ्यायला आले होते म्हणून बरं.

पुढचे काही आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यात वाईट गेले. ती फोनवर पावसाबद्दल बोलायची, शाळेतल्या पोरांबद्दल बोलायची, लेसर म्हटलं की फोन अण्णांच्या हातात द्यायची. मी पास झाले. आईच्याच फोटोमुळे मॅडमनी माझं कौतुक केलं, आणि ते कौतुक मला गिळवेना. शेवटी डॉक्टरांना विचारून, त्यांच्या परवानगीने, तो फोटो मोठा छापून घेतला आणि गावी गेले.

आई तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी बसले. परातीशेजारी फोटो ठेवला. तिने आधी कानाडोळा केला, मग हात थांबले. केशरी गोल, त्यात ते लाल-पिवळे कण. बराच वेळ बघून तिने एका पिवळ्या कणावर बोट ठेवलं आणि नख लावून पाहिलं, जसं तांदळातलं काही उचलावं तसं.

"हे माझ्या डोळ्यात हाय?"

"हाव."

"आन् मलाच दिसंना व्हय?"

मी मान हलवली. तिने परात बाजूला सारली. मग म्हणाली, "गंगीला कुणी फोटू न्हाई दाखवला." गंगी म्हणजे उदगीरची मावशी. तिचं नाव आईने कितीतरी दिवसांनी घेतलं. दुसऱ्या दिवशी ती माझ्यासोबत लातूरला आली.

लेसर झालं. नंतर परत एकदा झालं. शुगरच्या गोळ्या आता अण्णा समोर उभे राहून देतात. डाव्या डोळ्याची थोडी नजर गेली ती गेली, पण बाकीची टिकली आहे. ती अजून शाळेत खिचडी शिजवते. दर काही महिन्यांनी ती माझ्या कॅमेऱ्यासमोर बसते, मी फोटो काढते आणि मागच्या फोटोशी ताडून बघते. नवीन काही दिसलं नाही, की माझा चेहरा नियम मोडतो. मॅडम तेवढं चालवून घेतात.

मी त्याच दवाखान्यात नोकरीला लागले. खोली आता जिन्याखाली नाही, तिला खिडकी आहे. बोलताना "स्लॉट", "फोकस", "फॉलो-अप" असं तोंडात येतं आणि आई मला मॅडम म्हणून चिडवते. गावाकडची माझी जागा हळूहळू भरून गेली. माझ्या खाटेवर अण्णांच्या सोयाबीनची पोती असतात. आधी याचं वाईट वाटायचं. आता सुट्टीत गेले की मी त्या पोत्यांना टेकून छान झोपते.

पण खरी गंमत पुढेच आहे. लेसर झाल्यावर एकदा आई तपासणीला आली, तेव्हा शेजारच्या गयाबाईंना घेऊन आली. गयाबाईंची शुगर आईपेक्षा जुनी, आणि दवाखान्याचं नाव काढलं की त्या शेतात निघून जायच्या. त्या खुर्चीत बसल्या आणि माझ्या गालावरून हात फिरवून म्हणाल्या, "काढ बाई फोटू. तुझी मायच म्हणली, पोरीची परीक्षा अडून राहिलीय, डोळे मिळंनात. अभ्यास नीट कर." मी आईकडे बघितलं. आई भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

मी गयाबाईंना सगळं सांगितलं. मी कधीच पास झालेय, हा फोटो तुमच्या शुगरसाठी आहे, तो डॉक्टर बघणार. त्यांनी दयेने मान डोलावली. "हाव, हाव. आधी तू पास हो."

तेव्हापासून आई येते ती एकटी येत नाही. कधी दोघी, कधी जीपभरून. स्वतःच्या डोळ्यांसाठी घरचा उंबरा न ओलांडणाऱ्या बाया आणि बापे दुसऱ्याच्या पोरीच्या परीक्षेसाठी एक दिवस मोडून लातूरला येतात. प्रत्येकाला मी खरं ते सांगते, आणि प्रत्येक जण मला धीर देऊन जातो. कुणी पेढ्याचा नवस बोललंय. गयाबाईंचं लेसर वेळेवर झालं, आणखीही काहींचं झालं. गावात मात्र माझं नाव फार खाली गेलंय. इतक्या वर्षांत एक परीक्षा निघेना, आईबाप किती सोसतात बघा, असं पारावर बोललं जातं. अण्णा ऐकून घेतात आणि एक अक्षर बोलत नाहीत. बोलू नका, असं आईने बजावलंय.

तुम्ही विचाराल, घर आता कुठलं? मला वाटतं, जिथले लोक मी पास व्हावं म्हणून अजून भाकरी बांधून निघतात, तेच. म्हणून तुम्हा लांब गेलेल्यांना एक विनंती आहे. गावी फोन कराल तेव्हा शेताचं विचारा, पावसाचं विचारा, पण माझ्या निकालाबद्दल अवाक्षर काढू नका. आणि कुणी विचारलंच, तर सांगा की पोरगी अभ्यासात जरा कच्ची आहे, तिला अजून पुष्कळ डोळे लागतील.