खाली उभे होते ते माझे वडील

“खाली झाडापाशी उभा हाय तो तुमचा ड्रायव्हर का गं?”

काकूंनी गॅलरीतून वाकून बघत विचारलं. माझ्या तोंडात धपाट्याचा घास होता. तो गिळला. मी म्हणाले, “हाव.”

खाली माझे वडील उभे होते. खिशातली दस्ती डोक्याला बांधून, आमच्या जुन्या गाडीला टेकून. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं मास्तर. मी नर्सिंगच्या डिग्रीला परदेशी जायचं म्हणाले तेव्हा घरात एकटे तेच “जा” म्हणाले होते. त्यांना मी ड्रायव्हर केलं. एका शब्दात.

हे असं का झालं ते सांगते. सांगायची लाज वाटते, तरी सांगते.

मेलबर्नला मी जिच्यासोबत राहते ती लातूरची. या काकूंची मुलगी. तिचं नि माझं आडनाव एकच. मराठ्यांत आणि आम्हा बौद्धांत कितीतरी आडनावं एकच असतात, हे मराठवाड्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक हाय. पण ती पहिल्याच दिवशी गळ्यात पडली. “अगं बाई, आपण तर भावकी निघालो!” मी नुसती हसले. खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही. ते हसणं मग दीड वर्ष चाललं. घरचा फोन आला की मी बाहेर जिन्यात पळायची, कारण पप्पा फोन लागताच मोठ्यानं “जय भीम, बेटा” म्हणतात. मी पण म्हणायची. पण हळू. चोरीचा माल असल्यासारखं.

काय भीती होती? तिथं प्रॅक्टिकलला मी गोऱ्या म्हाताऱ्यांना अंघोळ घालते, त्यांचं सगळं काढते. एकानंही कधी विचारलं नाही की तू कोण. आणि मी घाबरत होते ती माझ्याच जिल्ह्यातल्या पोरीला.

तिकडं आम्हा पोरापोरींत एक रीत हाय. जो गावाकडं निघाला, त्याच्या बॅगेत सगळ्यांचं सामान. फेब्रुवारीत मी सुट्टीला निघाले तर तिनं आईसाठी गुडघ्याचे पट्टे, क्रीम, चॉकलेटं दिली. “तूच नेऊन दे. आई जेवल्याशिवाय सोडणार नाही बघ.”

शिरूर अनंतपाळहून पप्पांनी मला लातूरला आणलं. घराखाली गाडी थांबली तशी मी म्हणाले, “पप्पा, तुम्ही इथंच थांबा. पाच मिनिटांत येते.” त्यांनी का म्हणून विचारलं नाही. दस्ती काढली नि डोक्याला बांधली, बस.

वर काय कौतुक! काकूंनी कुंकू लावलं, हातात ड्रेसपीस दिला. धपाटे, दही, शेंगाची चटणी. माया खोटी नव्हती, हे पण सांगितलं पाहिजे. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “भावकीतली पोरगी संगं हाय म्हणून मी बिनघोर हाय बघ. न्हाईतर आता कुनीबी चाललंय परदेशात. फुकटात शिकतेत आन् आपल्या पोरींच्या बरोबरीनं बसतेत.”

मी मान डोलावली. होय, डोलावली.

त्यानंतर तो ड्रायव्हरचा प्रश्न आला.

“बिचारा उन्हात हाय, पानी नेऊन दे,” काकू म्हणाल्या. मी ओट्यावरचा ग्लास उचलला. “त्यो नगं गं. मोरीच्या खिडकीत हाय त्यो घे. भायेरच्या मानसांचा.”

खिडकीत एक चेपका स्टीलचा ग्लास होता. पालथा. मी तो भरला. मी माझ्या हातानं भरला आणि माझ्या बापाला नेऊन दिला.

पप्पांनी ग्लासाकडं पाहिलं. माझ्याकडं नाही. पाणी वरून ओतून प्यायले, ओठ न लावता. घरी ते असं कधीच पीत नाहीत. रिकामा ग्लास माझ्या हातात देत म्हणाले, “नळावर इसळ आन् व्हता तिथं पालथा ठिव.”

पालथा होता हे त्यांना कोणी सांगितलं? कोणीच नाही. त्यांनी असले ग्लास आधी पाहिले होते. किती दारांत, ते मी कधी विचारलंच नव्हतं. मला त्या जागी उभं राहवेना. शेण खाल्लं होतं मी, आणि चव आत्ता कळत होती.

मी वर गेले. ग्लास इसळला नाही. जेवणाच्या टेबलावर, काकूंच्या ताटाशेजारी ठेवला.

“काकू, खाली उभे आहेत ते माझे वडील. आम्ही बौद्ध आहोत. मी तुमच्या भावकीतली नाही.”

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. मग माझ्या उष्ट्या ताटाकडं. “आगं बया. आधी सांगायचं न्हाई का?”

“सांगितलं असतं तर हे ताट वाढलं असतं का?”

मी ड्रेसपीस खुर्चीवर ठेवला आणि जिना उतरले.

गाडीत बसताच वर काय बोलले ते सांगितलं. मला वाटलं होतं, पप्पा खूश होतील. कुठलं काय! त्यांनी गाडी लातूरबाहेर काढली. मग म्हणाले, “कशाला बोललीस? तुला अजून दीड वर्ष त्या पोरीसंगं काढायचंय.”

“काढते.”

पप्पा समोर बघतच म्हणाले, “गॅलरीतलं बोलणं खाली ऐकू येतं, बेटा.”

म्हणजे माझं ‘हाव’ त्यांनी ऐकलं होतं. ऐकून, तरीही, माझ्या हातचं पाणी प्यायले होते. मी रडले नाही. रडायचा हक्क मला नव्हता.

मेलबर्नला परतले तोवर काकूंनी फोनवर लेकीला सगळं सांगितलं होतं. त्या दिवशी ती म्हणाली, “मला सांगायचंस ना. मी असलं काही मानत नाही.”

“मानत नाहीस, तर मग आडनाव ऐकून गळ्यात का पडलीस?”

ती आता दुसरी खोली बघायलीय. बघू दे.

पप्पांनी मला माफ केलंय, आई म्हणते. मला ती माफी नको. तो शब्द मी बोलले, तो माझ्या नावावर राहू दे. पण यापुढं कोणी आडनाव ऐकून गोड बोलायला लागलं की मी त्याला तिथंच थांबवते. मी कोण आणि कोणाची, ते आधी सांगते. ज्याला उठून जायचं त्यानं जावं. मी जागची हलणार नाही.