बेकरीतली साक्षीदार

मावशी काउंटरवर असल्या की गिऱ्हाइकाला तोंड उघडावं लागत नसे. चेहरा दिसला की त्यांचे हात चालू व्हायचे. डॉक्टरीणबाईंना कडक टोस्ट, शाळेच्या शिपायाला मऊ पाव. "एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही," त्या म्हणायच्या. त्यावर सून विचारायची, "मग चष्मा कुठे ठेवला ते कसं विसरता हो, आई?"

समोरच्या औषधांच्या दुकानाचा रखवालदार मारला गेला, त्या संध्याकाळीही मावशी काउंटरवरच होत्या. अर्धवट ओढलेल्या शटरखालून एक माणूस वाकून बाहेर आला आणि गल्लीत पळाला. पोलिसांना त्यांनी पाहिलं तेवढंच सांगितलं. उंच होता, काळा शर्ट होता, पाठ दिसली. वळताना गाल दिसला असेल-नसेल.

लवकरच एकाला पकडलं. त्याच दुकानातून काढून टाकलेला नोकर. एका वर्तमानपत्राने पहिल्या पानावर त्याचा भलामोठा फोटो छापला आणि वर लिहिलं, 'हाच तो नराधम'. टीव्हीवाल्यांनी तर निकालच लावून टाकला. साक्षीदाराने असलं काही बघू नये, एवढं मावशींना कळत होतं. त्यांनी घरातला टीव्ही बंद ठेवला, वर्तमानपत्र उघडलं नाही.

मग ओळखपरेड झाली. तुरुंगातल्या लांबट खोलीत माणसं रांगेने उभी होती. मावशी एकाच्या समोर थबकल्या. मनात किंतु म्हणून नव्हता. बोट आपोआप वर झालं.

बाकीचा पुरावा यथातथाच होता. खटल्याची सगळी भिस्त मावशींवर. रखवालदाराची बायको त्यांची जुनी गिऱ्हाईक. "तुम्ही आहात म्हणून तो सुटणार नाही, मावशी," असं म्हणून ती काउंटरशीच रडली, आणि मावशींनी तिला शब्द दिला.

साक्षीच्या आदल्या दिवशी दुकानात एक गृहस्थ आले.

"काय सर, बऱ्याच दिवसांनी? नेहमीचंच ना?"

"नेहमीचं? मी या भागात पहिल्यांदाच येतोय."

"असं कसं? तुम्हाला चांगली ओळखते मी."

सून खुदकन हसली. "अहो आई, हे क्लासवाले सर! महिनाभर यांच्याच फोटोच्या जाहिरातीत पाव गुंडाळतोय आपण."

सरही हसले, पाव घेऊन गेले. मावशींचा हात मात्र कागदावरच राहिला. न खपलेल्या अंकांचे गठ्ठे पेपरचा एजंट बेकरीत आणून टाकायचा. हातांचं लक्ष पावाकडे असायचं; कागदाकडे कोण बघतं?

"त्या खुनाचा अंक... त्याचा गठ्ठा आला होता का गं आपल्याकडे?"

सून हसायची थांबली. "आला होता. तडाखेबंद खपेल म्हणून एजंटाने ढीगभर मागवले होते. परेडीच्या आधी तोच तर वापरत होतो."

संध्याकाळी मुलाने ऐकलं आणि तो उखडला. "आता शब्द फिरवलास तर तुलाच फितूर म्हणतील! पेपरवाले सोलून काढतील आपल्याला. आणि समज, खुनी तोच असला तर?"

"तेच तर मला कळेनासं झालंय."

"मग गप्प बस ना!"

मावशी त्या रात्री जेवल्या नाहीत.

कोर्टाची खोली गच्च भरली होती. पुढच्या बाकांवर वार्ताहर, त्यांच्या मागे रखवालदाराची बायको. आरोपीने पिंजऱ्याचा कठडा इतका घट्ट धरला होता की बोटं पांढरी पडली होती.

"पळताना पाहिलेला माणूस इथे आहे का?" सरकारी वकिलांनी विचारलं.

"यांचा चेहरा मी ओळखते."

"ठीक. म्हणजे त्या संध्याकाळी तुम्ही..."

"माझं बोलणं संपलं नाही, साहेब." मावशींनी गठ्ठ्याची गोष्ट सांगितली, क्लासवाल्या सरांचीही सांगितली. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

वकिलांचा आवाज चढला. "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"आहे. घरच्यांचा. हे बोलू नको म्हणून."

आता न्यायाधीश पुढे झुकले. "बाई, हा माणूस तो नाहीच, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"तसंही नाही म्हणता येत. मी पाठ पाहिली होती. चेहरा नंतर आला, छापून."

वार्ताहर धडाधडा उठून बाहेर पळाले. मावशी व्हरांड्यात आल्या तेव्हा कॅमेरे अंगावर आले. "कोणी फिरवलं तुम्हाला? धमकी होती का?" मुलाने त्यांना हाताला धरून गर्दीतून काढलं.

जिन्याच्या तोंडाशी रखवालदाराची बायको उभी होती. शिव्या देईल, अंगावर धावून येईल, अशी मावशींनी मनाची तयारी केली.

"मग कोण होता तो, मावशी?" तिने विचारलं.

"माहीत नाही गं."

ती तशीच उभी राहिली, उत्तर अजून यायचं असल्यासारखी.