आमच्या रुग्णवाहिकेवरच्या मॅडम

आमच्या रुग्णवाहिकेवरच्या डॉक्टर मॅडमइतकं मोठ्यानं बोलणारं माणूस अख्ख्या हातकणंगले तालुक्यात झालं नाही. त्या बोलायला लागल्या की सायरन लाजायचा. मी गाडीचा ड्रायव्हर, वयानं थोरला, म्हणून त्या मला मामा म्हणायच्या. त्यांचं माहेर पेठ वडगावचं, घर जैन. सूर्य मावळल्यावर जेवायच्या नाहीत, त्यामुळे संध्याकाळी कॉल आला की अर्धी भाकरी हातात घेऊनच गाडीत चढायच्या. आणि रुग्णाची शुद्ध जाऊ नये म्हणून त्याला विचारत काय असतील, तर तांबडा रस्सा बरा का पांढरा! जन्मात मटण शिवलं नाही, पण रश्श्यावर वाद असा घालायच्या, की निम्मा मेलेला माणूसही चिडून उत्तर द्यायचा.

अपघाताच्या जागी आमच्याकडं जमलेला प्रत्येक जण डॉक्टर असतो. मॅडम कुणाला हाकलत नसत, कामाला लावत. "पावणं, लई आवाज हाय न्हवं? मग वळणावर जाऊन गाड्या थांबवा की!" एकदा एका पुढाऱ्याच्याच हातात त्यांनी सलाईनची बाटली दिली. हात भरून आला, तरी फोटो निघेपर्यंत गड्यानं तो खाली घेतला नाही.

एका दुपारी उचगावजवळ दोन भावांची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. धाकटा मोडका पाय धरून बोंबलत होता. थोरला कडेला बसून म्हणत होता, "मला काय न्हाय झालं, त्येला बघा." मॅडमनी थोरल्याची नाडी धरली, पोट दाबलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. धाकट्याच्या पायाला फळी बांधून त्या म्हणाल्या, "मामा, थोरल्याला घ्या. आत रक्त जातंय. दुसरी गाडी बोलावलीय, पण ती येईस्तोवर ह्यो ऱ्हायचा न्हाय."

एकाच वेळी दोघांना झोपवून न्यायची सोय नव्हती. लोक भडकले. "पाय मोडलेला टाकून बसलेल्याला नेताय व्हय?" एक जण गाडीपुढंच आडवा झाला. मॅडम धाकट्याजवळ बसल्या आणि मी पहिल्यांदाच त्यांचा हळू आवाज ऐकला. "लई दुखतंय, कळतंय मला. पण भाऊ जाईल. थांबशील?"

तो रडत रडतच गर्दीवर ओरडला, "सोडा रं त्यास्नी!"

जवळचा दवाखाना सोडून आम्ही थेट ऑपरेशनची सोय असलेल्या मोठ्या हॉस्पिटलात गेलो. थोरला वाचला. मागून दुसऱ्या गाडीनं आणलेल्या धाकट्याचा पायही जुळला.

गेल्या वर्षी मॅडमची बदली झाली. शेवटच्या दिवशी दिवसभर एकही कॉल आला नाही. गाडीच्या पायरीवर बसून त्या अचानक म्हणाल्या, "मामा, त्या धाकट्याला काय झालं असतं तर? त्यो थांबंल, ह्यो मी अंदाजच केलता की हो."

इतकी वर्षं मला वाटायचं, ह्या बाईला कधी शंकाच येत नाही. मी चाचरत म्हटलं, "मॅडम, दोघंबी चालत्यात की आता."

"व्हय," त्या म्हणाल्या. मग मावळतीला आलेल्या सूर्याकडं बघून त्यांनी भाकरी काढली आणि अर्धी माझ्या हातात दिली.